गुळावरील प्रकल्पासाठी इंटरनेटवरचे भरवशाचे संदर्भ कसे शोधावेत?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात अन्नशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘गुळातील लोहाचे प्रमाण आणि गूळ करताना वापरल्या जाणाऱ्या रसायनांचा त्यावर होणारा परिणाम, असा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. इंटरनेटवर माहिती ढीगभर मिळते, पण मार्गदर्शक मॅडम जवळजवळ प्रत्येक संदर्भापुढे “हा चालणार नाही” असा शेरा मारतात. कोणती संकेतस्थळे विश्वासार्ह धरायची? पैसे मागणारे शोधनिबंध कसे मिळवायचे? आणि एआयला विचारून घेतलेले संदर्भ चालतात का?’

विश्वासार्ह संकेतस्थळांची यादी मागणारे विद्यार्थी ग्रंथालयात नेहमीच येतात, आणि तशी यादी लिहून देणे काही अवघड नाही. परंतु ती खिशात घालून गेलेला विद्यार्थी पुढच्या वेळी त्याच यादीतील संकेतस्थळावरचा एखादा टाकाऊ निबंध घेऊन परत येतो, असा माझा अनुभव आहे. ‘द लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा जो निबंध छापून आला, तो मागे घेतला जाण्यास २०१० साल उजाडावे लागले. मधल्या बारा वर्षांत त्याचा संदर्भ देणाऱ्या प्रत्येकाने तो ‘विश्वासार्ह’ संकेतस्थळावरूनच घेतला होता. त्यामुळे संकेतस्थळाच्या नावावर न थांबता विधान तपासावे लागते: ते मुळात कोणी केले, काय मोजून केले, कसे मोजले, आणि त्यानंतर त्या विधानाचे काय झाले. मॅडमच्या शेऱ्यांमागे बहुधा हेच चार प्रश्न असणार.

तुमच्याच विषयातील एक आकडा घेऊ. शंभर ग्रॅम गुळात सुमारे अकरा मिलिग्रॅम लोह असते, हे विधान तुम्ही आरोग्यविषयक लेखांत वाचले असेलच. ते शोधनिबंधांच्या प्रस्तावनांतही सर्रास आढळते. त्या प्रस्तावनेत दिलेला संदर्भ उघडून पाहावा, तर तो दुसऱ्या निबंधाच्या प्रस्तावनेकडे बोट दाखवतो, आणि दुसरा तिसऱ्याकडे. ही साखळी चिकाटीने मागे नेली, तर आपण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या अन्नघटक तक्त्यांपाशी पोहोचतो. तेथे गुळातील लोहाचा आकडा ११.४ मिलिग्रॅम असा होता. पण त्याच तक्त्यांच्या नंतरच्या सुधारित आवृत्तीत तो २.६४ मिलिग्रॅमवर आलेला दिसतो. पुढे याच संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे नव्याने विश्लेषण केले आणि २०१७ मध्ये नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांतील आकडा या दोहोंच्या मधला आहे. म्हणजे एकाच संस्थेचे, सर्वार्थाने अधिकृत असे तीन आकडे आपल्यासमोर आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुना व सर्वांत मोठा आकडा जाहिरातीला सोयीचा असल्यामुळे सर्वाधिक फिरतो आहे.

मग खरा आकडा कोणता धरायचा? माझ्या मते प्रकल्पात तिन्ही आकडे साल आणि आवृत्ती यांसह द्यावेत आणि फरक का पडू शकतो याची चर्चा करावी. रस लोखंडी काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, उकळला की अन्य धातूच्या, उसाबरोबर माती किती आली, लोह कोणत्या पद्धतीने मोजले, आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या, यांपैकी कशानेही उत्तर बदलते. करवीर तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळघरावर उभे राहून गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीच्या कडेवरून उलथणे कसे ओढतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला गुळात उतरणारे सगळेच लोह उसातून आलेले नसावे, ही शंका सहज सुचेल. अशी शंका घेऊन वाचायला बसले, की कोणत्या निबंधाने काहिलीचा धातू नोंदवला आहे आणि कोणी नोंदवलेला नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच डोळ्यांत भरते.

लोहाचा विषय निघालाच आहे, तर पालकाची गोष्टही सांगून टाकतो. एका जर्मन शास्त्रज्ञाचे दशांशचिन्ह चुकले आणि म्हणून पालकात दहापट लोह असल्याचा समज पसरला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखामुळे तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. २०१० मध्ये ब्रिटिश अभ्यासक माइक सटन यांनी मूळ पुरावा शोधायला घेतला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या चुकीलाच आधार सापडेना. २०१४ मध्ये नॉर्वेतील अभ्यासक ओले ब्योर्न रेक्दाल यांनी असल्या शैक्षणिक दंतकथा एकमेकांचे संदर्भ न वाचता पुढे ढकलल्याने कशा टिकतात, यावर निबंध लिहिला. म्हणजे चुकीचे संदर्भ देऊ नका असे बजावण्यासाठी सांगितली जाणारी गोष्टच मुळात न तपासलेली निघाली. तुमच्या प्रकल्पात हीच जागा घेणारे वाक्य ‘गूळ रक्त वाढवतो’ हे आहे. त्याच्यासमोर माणसांवर केलेल्या प्रत्यक्ष चाचणीचा संदर्भ नसेल, तर ते लिहू नये.

आता शोधण्याकडे वळू. बहुतेकांचा पहिला थांबा गुगल स्कॉलर असतो, आणि त्यात काहीच गैर नाही. फक्त २००४ पासून चालू असलेली ही सेवा निबंधाचा दर्जा पाहून निवड करत नाही, हे लक्षात ठेवावे. शोधनिबंधासारखे दिसणारे सर्व काही ती गोळा करते, त्यामुळे नामांकित आणि बनावट नियतकालिके तेथे एकाच रांगेत येतात. तिची खरी ताकद शोधपेटीपेक्षा प्रत्येक निकालाखालच्या दोन दुव्यांत आहे. एका दुव्याने त्या निबंधाचा नंतर कोणी कोणी उल्लेख केला ते कळते. दुसऱ्याने त्याच निबंधाच्या अन्य ठिकाणी ठेवलेल्या प्रती मिळतात, ज्यांत पुष्कळदा एखादी मोफत प्रत असते. चांगला एक निबंध हाती लागला, की त्याच्या संदर्भसूचीतून मागे आणि उल्लेखांच्या दुव्यातून पुढे जावे. असे दोन-तीन निबंध नीट पकडले, तर विषयाचा बहुतेक भाग आपोआप समोर येतो, आणि नुसते शब्द टाकून शेकडो निकाल चाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी ठरते.

शब्दांच्या बाबतीत मात्र तुमचा विषय फसवा आहे. केवळ ‘जॅगरी’ शब्दाने शोध घेतला, तर प्रामुख्याने भारतीय निबंध येतील. जगातील इतर देशांतही ऊस उकळून असाच पदार्थ करतात. त्याला कोलंबियात पनेला, ब्राझीलमध्ये रापादुरा आणि जपानात कोकुतो म्हणतात, तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिभाषेत हे सारे ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’ या नावाखाली येते. या नावांनी शोध घेतल्यावर लॅटिन अमेरिकेतील आणि जपानी संशोधनाचे एक मोठे दालन उघडते, जे आपल्याकडच्या बहुसंख्य प्रकल्पांत नावालाही नसते. रसायनांचेही तसेच आहे. गुळाचा रंग उजळवणाऱ्या ज्या रसायनाला गुऱ्हाळावर नुसते ‘हायड्रॉस’ म्हणतात, ते निबंधांत कधी सोडियम हायड्रोसल्फाइट, तर कधी सोडियम डायथायोनाइट म्हणून येते. दोन्ही एकच असल्यामुळे दोन्ही नावांनी स्वतंत्र शोध घ्यावा. रस निवळण्यासाठी भेंडीचा चिकट रस वापरण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यासाठी भेंडीचे शास्त्रीय नाव, म्हणजे अबेलमोस्कस एस्क्युलेंटस, उपयोगी पडते. स्थळनामांची रोमन वर्णयोजनाही तपासावी. पंचगंगेच्या पाण्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की ‘पंच’नंतरचा ‘ए’ काही लेखक लिहितात आणि काही गाळतात. एकाच वर्णयोजनेवर अवलंबून राहिल्यास अर्धे काम नजरेतून निसटते.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे आणि आरोग्यावरील परिणामांसाठी तीच प्रथम पाहावी. परंतु गूळ बनवण्याच्या तंत्राविषयी तेथे फारसे मिळणार नाही. त्यासाठी अन्न व कृषी संघटनेची ॲग्रिस आणि अमेरिकी राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाची ॲग्रिकोला या सूची अधिक कामाच्या आहेत. पबमेडमध्ये सापडला म्हणजे निबंध उत्तम, असा एक समज आहे, तोही सोडावा. तेथील काही नोंदी निवडक नियतकालिकांतून येतात, तर काही केवळ पूर्ण मजकुराच्या मोफत भांडारात जमा झाल्यामुळे येतात, आणि दोन्हींची चाळणी सारखी नसते.

भारतीय स्रोतांकडे आपले विद्यार्थी विनाकारण दुर्लक्ष करतात, असे मला वाटते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात, आणि त्यांत आपल्या शिवाजी विद्यापीठाचेही आहेत. कृषी विद्यापीठांचे प्रबंध भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कृषिकोश या भांडारात असतात. गुळासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रबंध तेथे अवश्य चाळावेत, कारण कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे आहे. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेचे काम, तसेच ‘शुगर टेक’ आणि ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ ही दोन नियतकालिकेही तुमच्या विषयाच्या अगदी जवळची आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची नियतकालिके एनओपीआर या भांडारात मोफत मिळतात. प्रबंधांविषयी एक सावधगिरी सांगतो: त्यांचा दर्जा अत्यंत असमान असतो. उत्तम प्रबंधातील प्रयोगपद्धतीचे प्रकरण कोणत्याही छापील निबंधापेक्षा तपशीलवार असते, कारण तेथे पानांची मर्यादा नसते. निष्कर्ष मात्र शक्यतो त्यावर आधारित छापील निबंधातून घ्यावेत.

कायद्याच्या आणि मानकांच्या बाबतीत निबंधांवर विसंबूच नये. गुळात सल्फर डायऑक्साइड किती चालतो, हे दहा वर्षांपूर्वीच्या निबंधातून उतरवण्यापेक्षा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील विनियमाची आजची प्रत उघडावी आणि संदर्भ देताना ती पाहिल्याची तारीख लिहावी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकाची कागदपत्रेही चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पारंपरिक पद्धतीच्या वर्णनासाठी ती उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील गुणवर्णन हे अर्जदाराने आपल्या मालाचे केलेले वर्णन आहे, याचा विसर पडू देऊ नये.

नियतकालिक खरे की पैसे घेऊन काहीही छापणारे, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कठीण झाला आहे. अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांची चालवलेली यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी होती. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याचे निकष संस्थांच्या हाती दिले. तरीही ‘केअर लिस्टेड’ असे शिक्के मिरवणारी नियतकालिके अजून दिसतात, तेव्हा त्या शिक्क्याला आज अर्थ नाही हे जाणून असावे. आयएसएसएन क्रमांकाचेही तेच. तो केवळ नोंदणी क्रमांक आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक चांगले आहेत असे कोणी म्हणत नाही. डीओआय क्रमांकही निबंधाचा कायमचा पत्ता सांगतो, निबंध कसा आहे हे सांगत नाही.

मी स्वतः पुढील क्रमाने पाहतो. मोफत वाचता येणारे नियतकालिक डीओएजे या सूचीत आहे का, हे प्रथम बघतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सशुल्क सूची आहेत, पण स्कोपसमधील नियतकालिकांची यादी आणि वेब ऑफ सायन्सची मास्टर जर्नल लिस्ट वर्गणी न भरताही पाहता येते, तेथे नाव शोधतो. मात्र नाव सापडल्यावर संकेतस्थळाचा पत्ताही जुळवतो, कारण खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभारण्याचा उद्योग जोरात आहे. त्यानंतर संपादक मंडळातील एक-दोन नावे त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर शोधतो. शेवटी त्याच अंकातील दुसरे दोन निबंध उघडतो. एका अंकात गूळ, जीएसटी, संत साहित्य आणि काँक्रीटची ताकद असे सारे सुखाने नांदत असेल, आणि तीन दिवसांत समीक्षा करून प्रमाणपत्र देण्याचे आश्वासन मुखपृष्ठावरच असेल, तर पुढे वाचण्याची गरज उरत नाही.

तरीही सर्वांत महत्त्वाची तपासणी निबंधाच्या आतच करावी लागते, आणि नेमकी तीच टाळली जाते. गोषवारा वाचून संदर्भ देण्याची सवय मोडावी. प्रयोगपद्धतीचा भाग उघडून नमुने किती होते, ते थेट गुऱ्हाळावरून घेतले की दुकानातून, उसाची जात नोंदवली आहे का, हे पाहावे. आपल्या भागात को ८६०३२ सर्वत्र असला, तरी तो नोंदवलेला नसेल तर गृहीत धरता येत नाही. लोह ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनने मोजले की रंगमापनाने, प्रमाणित संदर्भनमुना वापरला का, मोजणी किती वेळा केली, हेही पाहावे. ‘रासायनिक’ आणि ‘सेंद्रिय’ गुळाची तुलना करणाऱ्या निबंधात दोन्ही प्रकारांचा एकेकच नमुना बाजारातून आणलेला असेल, तर दिसलेला फरक रसायनाचा, जमिनीचा, काहिलीचा की गुळव्याच्या हातगुणाचा, हे सांगता येणे शक्य नाही. असा निबंध सन्माननीय नियतकालिकात छापलेला असला, तरी तुमच्या मुद्द्याला तो आधार देत नाही. संशोधनाला पैसा कोणी दिला, हे शेवटच्या पानावर लिहिलेले असते. गूळ विकणाऱ्या कंपनीने दिला म्हणून निबंध खोटा ठरत नाही, परंतु वाचताना नजर जरा अधिक बारीक ठेवावी लागते.

निबंध मागे घेतला गेला आहे का, ही तपासणी आता काही क्षणांचे काम झाले आहे. रिट्रॅक्शन वॉच या २०१० पासून चालणाऱ्या उपक्रमाची सूची सप्टेंबर २०२३ मध्ये डीओआय क्रमांकांची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेने घेऊन सर्वांसाठी खुली केली, आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर तिच्याशी जोडलेले असल्यामुळे, तुमच्या संग्रहातील एखादा निबंध मागे घेतला गेला तर ते आपणहून इशारा देते. याची निकड किती आहे, हे २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनाने आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले, यावरून समजावे. त्याआधी, २०२१ मध्ये, फ्रान्समधील संशोधक गिलोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचित्र शब्दप्रयोगांवरून बनावट निबंध पकडण्याची युक्ती काढली: साहित्यचोरी लपवण्यासाठी यंत्राने शब्द बदललेले असल्यामुळे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या रूढ संज्ञेच्या जागी इंग्रजीत ‘बनावट जाणीव’ अशा अर्थाचे काहीतरी छापून आलेले असते. वाचताना एखादी साधी संज्ञा अशी वेडीवाकडी दिसली, तर थबकावे.

एआयविषयी माझे मत स्पष्ट आहे. शोधासाठी पर्यायी शब्द सुचवणे, अवघड परिच्छेद सोपा करून सांगणे, स्पॅनिश निबंधाचा सारांश देणे यांसाठी ते जरूर वापरावे. पनेलाविषयीचे बरेच काम स्पॅनिशमध्ये असल्यामुळे तुम्हाला त्याचा फायदाच होईल. परंतु त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नये. ही साधने अस्तित्वात नसलेले निबंध इतक्या सफाईने रचतात, की लेखक खरा, नियतकालिक खरे, साल पटण्याजोगे आणि निबंध मात्र कोठेच नाही, असे प्रकार वारंवार समोर येतात. डीओआय मिळाला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि उघडलेल्या पानावरचे शीर्षक जुळते का हेही पाहावे, कारण क्रमांक खरा पण निबंध भलत्याच विषयाचा, असेही घडते.

राहिला पैशांचा प्रश्न. एका निबंधासाठी हजारो रुपये भरण्याची वेळ तुमच्यावर सहसा येऊ नये. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. तुमचे महाविद्यालय खासगी व्यवस्थापनाचे असेल, तर ते या योजनेत आहे की नाही, हे आधी आपल्या ग्रंथपालांना विचारावे. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट ही वेगळी सोय आहे, आणि तिचा पासवर्ड वर्षानुवर्षे कोणी मागितलेलाच नसतो. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात महाविद्यालयाचे पत्र घेऊन जावे आणि तेथे बसून काय वाचता येईल, याची चौकशी करावी. अनपेवॉल ही छोटी जोडणी ब्राउझरमध्ये बसवली, की निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कोठे उपलब्ध असल्यास ती आपोआप दिसते. सशुल्क निबंध परवानगीविना फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाविषयी विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात म्हणून लिहितो: प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात २०२० मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल केला, आणि तेव्हापासून तेथे नवे निबंध येणे जवळजवळ थांबले आहे, त्यामुळे ताज्या संशोधनासाठी त्याचा तसाही उपयोग नाही.

या सर्व वाटा खुंटल्या, तर लेखकालाच ईमेल करावा. निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहाराचा पत्ता असतो. आपले नाव, महाविद्यालय, प्रकल्पाचा विषय आणि निबंधाचे पूर्ण शीर्षक चार ओळींत लिहून प्रत मागावी. आपला निबंध कोणीतरी वाचू इच्छिते याचा बहुतेकांना आनंदच होतो आणि आठवड्याभरात पीडीएफ येते. त्याच पत्रात काहिलीचा धातू किंवा नमुन्यांचे ठिकाण यांसारखी निबंधात न सापडलेली एखादी नेमकी बाब विचारावी, आणि उत्तर आल्यास प्रकल्पात ते ‘लेखकाशी झालेला व्यक्तिगत पत्रव्यवहार’ म्हणून तारखेसह नोंदवावे. त्याआधी लेखकाची तशी परवानगी मात्र घ्यावी.